दिवा, धूर आणि टाकीचे झाकण

ती. दादांना,

सप्रेम नमस्कार, आणि त्यापाठोपाठ आपल्या डाव्या गुडघ्याची चौकशी. आमच्याकडे सर्वांच्या प्रकृती ठणठणीत आहेत. गाडीचीही आहे, आणि तेच सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो, एवढे ऐकूनच आपण फोनवर "विकून टाका तो डबा" असा निकाल दिलात. आपल्या भगिनींनी तो शिरसावंद्य मानला (माझे निकाल मात्र त्या नेहमी अपिलात फिरवतात) आणि रविवारी गिऱ्हाईकही बोलावले. मी गाडी विकणार नाही. कारणे ऐकाच, फार सुंदर आहेत.

टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होते. ती बाहेर सुटू नये म्हणून गाडीत कोळशाचा डबा असतो. तो वाफ शोषून ठेवतो आणि इंजिन चालू असताना जाळण्यासाठी पुढे धाडतो. ही सारी वाट हवाबंद आहे ना, याची परीक्षा गाडी स्वतःच घेते आणि गळती आढळली की दिवा लावते. पण टाकी काठोकाठ भरलेली, अगदी रिकामी किंवा इंजिन तापलेले असेल, तर परीक्षा घेतच नाही. म्हणून दिवा लहरी वाटतो. (हे मी हिला जेवताना तांब्या आणि बशी घेऊन प्रयोगासह समजावले. टेबलावरचे कापड अजून वाळते आहे.)

मेकॅनिक म्हणाला, कोळशाचा डबाच बदलू. मी म्हटले, आधी गळती दाखवा. दोघांनी मिळून झडप पाहिली, नळ्या पाहिल्या, सांधे पाहिले. मग त्याने नळीतून धूर सोडला आणि मी विजेरी घेऊन गाडीखाली आडवा झालो. खाली काहीच नाही. "साहेब, वर या, इकडे बघा," तो म्हणाला. टाकीच्या घट्ट लावलेल्या झाकणाखालून धुराची बारीक रेघ निघत होती. इतके देखणे उत्तर मी फार दिवसांत पाहिले नव्हते.

तेव्हा गाडी निर्दोष आहे. रविवारच्या गिऱ्हाइकाने चहा घ्यावा आणि निघावे.

आपल्या मते हट्टी, तरी आपलाच.

ता. क. – ते झाकण आमच्या गाडीचे नाही. गेल्या भेटीत पंपावर आपण दोन्ही गाड्यांची झाकणे एकाच हातात धरली होतीत आणि मी तोंड उघडताच, "मला शिकवू नका" म्हणत स्वतः लावली होतीत. नवे विकत मिळते, हे मला ठाऊक आहे. मला माझेच हवे. शनिवारपर्यंत पाठवावे.

आणखी एक – त्या दिवसापासून आपल्याही गाडीचा दिवा लागतो आणि आपण त्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे, असे वहिनींकडून कळले. हिला मी अजून सांगितलेले नाही. शनिवारपर्यंत सांगणारही नाही.