वर्षालीच्या सहीशिवाय

मी, नवनाथ ज्योतीराम गारगोटे, वय एकतीस, अविवाहित, राहणार रहाटणी, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता हे लिहून ठेवतो. बुधवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. तरीही.

१. राजगुरुनगरजवळची माझ्या नावावरची वीस गुंठे जमीन थोरली बहीण वर्षाली हिला द्यावी. वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली आणि तिला एक साडी दिली. मी एकोणीस वर्षांचा होतो, गप्प बसलो. गेल्या भाऊबीजेला जमीन परत देतो म्हटले, तर म्हणाली, "नको रे बाबा. सात-बाऱ्यावर नाव आलं की माहेरचा चहा बंद होतो."

२. चुलते सोपानराव ऊर्फ नाना यांना काहीही देऊ नये. जमीन त्यांच्या नातवाच्या नावे करावी असा त्यांचा हट्ट आहे. "आरं, तुला पोरगा न्हाई. मेल्यावर पानी कोन पाजनार?" मी कंपनीतही पाण्याची बाटली घरूनच नेतो. अग्नी वर्षालीने द्यावा.

माझ्यासाठी अठ्ठावीस स्थळे त्यांनीच आणली. जमत नाही म्हणून म्हणतात, "पोरींचा लई तोरा वाढलाय." तोरा नाही, नाना, पोरीच कमी आहेत. वर्षालीनंतर आणि माझ्याआधी आईला दोनदा तपासायला नेले, दोन्ही वेळा मुलगी निघाली, दोन्ही वेळा गर्भ पाडून आणले. जीप तुमची होती.

३. रहाटणीची खोली आईला, रुक्मिणीबाईंना, हयातभर राहायला, नंतर वर्षालीला. अट एकच. वर्षाली आली की आईने "किती दिस हायेस?" असे विचारू नये. आईवर राग नाही. तिलाही कोणी विचारले नव्हते.

४. पान्यांचा संच भाची इरा हिला. ती आयटीआयला फिटर शिकते. संचात तेरा नंबरचा पाना नाही, शोधू नये.

५. कंपनीतला शेखर म्हणतो, "राव, उद्या लग्न होऊन पोरगा झाला तर हे फाडशील." मुले झालीच तर माझ्या पगारावर वाढतील. हे फाडणार नाही.

६. बक्षीसपत्राला घेणाऱ्याची संमती लागते, म्हणून वर्षाली आजवर निसटली. मृत्युपत्राला तिची सही लागत नाही; वकिलांना दोनदा विचारून खात्री केली आहे. हे वाचताना ती "नको" म्हणेल. म्हणू द्यावे, आणि नाव लावावे.

लिहून ठेवणार: नवनाथ ज्योतीराम गारगोटे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
शेखर पवळे, सहकारी (सही)
इंदुताई काटे, शेजारी (सही)

रहाटणी, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५