पुढच्या खोलीची व्यवस्था

राजस, तू सहा वर्षांचा असशील. पावसाळ्याचे दिवस, रविवारची दुपार. आपण तिघे पुढच्या खोलीत जमिनीवर बसून मक्याचे भुट्टे किसत होतो. तुझ्या बाबांनी किसणीवर बोट कापून घेतले आणि म्हणाले, "कीस लाल झाला तर टोमॅटो घातलाय म्हणून सांगू." तू इतका हसलास की तुला उचकी लागली. तेवढ्यात बँकेच्या युनियनचे दोघे दारात आले, तर बाबांनी त्यांच्याही हातात एकेक भुट्टा दिला. बाकी त्या दिवशी काहीच घडले नाही. वकील सुधाकरराव परवा म्हणाले, "वहिनी, स्मरणशक्ती शाबूत आहे असं पहिल्याच ओळीत येऊ द्या." नुसते म्हणण्यापेक्षा पुरावा दिलेला बरा, म्हणून ही दुपार आधी लिहिली.

आता रीतीप्रमाणे. मी, अहल्या यज्ञेश्वर मुजुमदार, वय बासष्ट, राहणार फ्रीगंज, उज्जैन, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. पुढच्या सोमवारी इंदूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, हल्ली हे रोजचेच झाले आहे. त्यांचे असेल रोजचे. मी घाबरले आहे, पण डोके ठिकाणावर आहे, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी सुधाकररावांनी करावी.

कलम १. घर

फ्रीगंजचे घर यज्ञेश्वरांनी बँकेच्या कर्जातून बांधले आणि माझ्या नावावर केले. कर्ज फिटेपर्यंत आम्ही छताला पंखा लावला नाही. हे घर माझा एकुलता मुलगा राजस याला मिळावे, पुढची खोली सोडून.

पुढची खोली, तिचे रस्त्याकडचे दार आणि बाहेरचा ओटा भैरवगढ छपाई महिला कामगार युनियनकडे राहील, भाडे न घेता, ती युनियन असेपर्यंत. उरलेले घर विकलेस तर ही अट खरेदीखतात लिहून घ्यावी. राजस, तू फोनवर म्हणालास, "आई, सायबर कॅफेवाला ॲडव्हान्स घेऊन उभा आहे, आणि तू तिथे बायका जमवून बसतेस." तुझे चुकले नाही. पुण्यात बसून तुला ती एक खोली दिसते. पण युनियनचा नोंदणीचा पत्ता तोच आहे. या बायका आपापल्या घरी बसून काम करतात. त्यांना ना कारखान्याचे फाटक, ना हजेरी. त्या एकत्र आहेत हे जिथे दाखवता येते अशी जागा ही एकच. ती गेली की त्या पुन्हा एकेकट्या होतील. हे कलम मी दोनदा वाचून पाहिले. सुधाकरराव, तुम्हीही दोनदा वाचा. कुठे फट राहिली असेल तर मी इंदूरला जाण्याआधी सांगा.

कलम २. या बायका कोण, हे राजसला कळावे म्हणून

यज्ञेश्वर गेल्यानंतर पाच वर्षे ती खोली बंद होती. मग एके दिवशी सुलू आली. भैरवगढला तिच्या मोहल्ल्यात घरोघरी बायका चादरींवर वितळलेले मेण भरतात, रंगात बुडवतात, मग सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालून मेण काढतात. चादरी परदेशातल्या दुकानांत जातात. मध्ये माझे धाकटे दीर श्रीधर आहेत. काम तेच वाटतात, माल तेच उचलतात, आणि कोणी विचारले की म्हणतात, "मी मालक कुठला? मी मधला माणूस."

सुलूच्या हातात एक इंग्रजी कागद होता, चारही कोपऱ्यांना खळ लागलेला. भावजींच्या गोदामाच्या भिंतीवरून तिने तो सोलून आणला होता.

"दीदी, सुना है आप कॉन्व्हेंट में पढ़ी हो. ये हमारे बारे में है क्या?"

कागद तिच्याबद्दलच होता. परदेशी दुकानाने माल घेण्यासाठी घातलेले नियम होते ते: लहान मुलांना कामाला लावू नये, हात जपायला साधने द्यावीत, युनियन करू द्यावी. पहिलाच नियम असा, की हे सर्व नियम कामगारांना कळेल अशा भाषेत भिंतीवर लावावेत. तो मी हिंदीत वाचून दाखवला, तेव्हा सुलू आणि तिच्याबरोबर आलेली रईसा इतक्या हसल्या की शेजारची मंगला काय झाले ते पाहायला आली. मग ती रोजच येऊ लागली.

सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला पत्रे लिहायला शिकवली होती, राजदूताच्या पत्नीला चहाचे आमंत्रण कसे द्यावे वगैरे. राजदूताची पत्नी उज्जैनला कधी आली नाही. ते इंग्रजी इतकी वर्षे कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखे पडून होते. परदेशातल्या कापड कामगारांच्या युनियनला पहिले पत्र मी त्याच इंग्रजीत लिहिले. त्यांनी पुस्तिका पाठवल्या. घरी बसून काम करणारेही कामगारच आहेत, असा करार १९९६ साली जिनिव्हात झाला आहे. आपल्या देशाने तो अजून मान्य केलेला नाही. हे मी सांगितले तेव्हा रईसा म्हणाली, "मतलब वहाँ हम मजदूर हैं, यहाँ नहीं? तो चादर के साथ हम मजदूर कहाँ पे बनते हैं, दीदी? समंदर के बीच में?"



कलम ३. हातमोजे

आम्ही युनियन नोंदवली, पण बायका युनियनच्या बैठकीला येतात म्हटले की घरचे अडवायचे. हळदीकुंकवाला कोण अडवणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला आम्ही पुढच्या खोलीत हळदीकुंकू केले. मी विधवा, म्हणून हळद मंगलाने लावली. रईसा आणि तिच्या जावांनी कुंकू घेतले नाही, तिळगूळ घेतला. वाण म्हणून मी प्रत्येकीला रबरी हातमोज्यांचा एकेक जोड लुटला. प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा बरे, असे वाटले.

ते कोणी घातले नाहीत. उकळत्या पाण्यात रबर तापते. सुलूने एक हातमोजा गळक्या नळाला बांधला आणि मला येऊन सांगितले, "दीदी, नल के हाथ बच गए."

गेल्या उन्हाळ्यात दुकानाचा तपासनीस यायचा होता. भावजींनी माणूस पाठवून घराघरातून ते हातमोजे मागून नेले, गोदामात टेबलावर ओळीने मांडले आणि फोटो काढून घेतला. तपासणीच्या अहवालात आले की येथे मालकाकडून हात जपण्याची साधने पुरवली जातात. माझे संक्रांतीचे वाण! मी परदेशी युनियनला लिहिले की हातमोजे मालकाने दिलेले नाहीत. पण मग कोणी आणि का दिले? हळदीकुंकू म्हणजे काय आणि वाण का लुटतात हे समजावण्यात माझे अख्खे पान गेले. ते वाचून तिकडच्या बाईंनी कळवले की पत्रांनी हे कळायचे नाही, आम्हीच येतो, दुकानाच्या माणसालाही आणतो. येत्या मार्चमध्ये पुढच्या खोलीत बायकांना त्यांच्यासमोर बसून बोलायचे आहे.

कलम ४. माझे दीर श्रीधर

यज्ञेश्वर आजारी होते तेव्हा हेच श्रीधर दवाखान्यात बाकावर बसून राहिले होते. रामघाटावर सगळे त्यांनीच केले. हे मी विसरलेले नाही, आणि राजस, तूही विसरू नकोस. यंदा संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन आले.

"घ्या वहिनी. गोड गोड बोला. परदेशाशीसुद्धा."

"गोडच लिहिलंय, भावजी."

"गोड? मला दुकानाचा फॅक्स आलाय. हळदीकुंकू काय असतं विचारतायत! वहिनी, हे नियम म्हणजे गोऱ्यांची नवी जकात आहे. आपला माल स्वस्त, तो त्यांना खुपतो. उद्या म्हणतील, उज्जैनची कटकट नको, दुसरीकडून घेऊ. मग तुमच्या सुलूच्या हाताला काम कोण देणार? तुम्ही?"

दिल्लीतल्या मोठमोठ्या युनियनांनाही हीच शंका आहे. मी तर घरात बसून पत्रे लिहिणारी बाई.

जाताना चपला घालत ते म्हणाले, "आणि पाहुण्यांची काळजी करू नका. तुमची तब्येत ही अशी. दुभाष्या म्हणून मी बसेन."

तेव्हापासून छातीत जे होते ते सगळेच हृदयाचे नसावे.

दुसऱ्या दिवशी मी हे सर्व सुलू आणि रईसाला सांगितले.

"बात तो उनकी सही है," रईसा म्हणाली. "ऑर्डर गया तो गया."

"तो चुप रहें?" सुलूने हात पुढे केला. सोड्याने तिच्या बोटांची साले गेली आहेत. "ये हाथ चुप रहते हैं क्या?"

"तेरे हाथ की बात नहीं कर रही, पगली. मेरे घर में पाँच खाने वाले हैं, उनके मुँह की कर रही हूँ."

दोघी भांडतच गेल्या. दोघींचेही मला पटले. नियम चादरीबरोबर यावेत आणि चादर निघून जाऊ नये, एवढेच आम्हाला हवे आहे. ते जगात कुठे जमले आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून बोलायचे की नाही हे मी ठरवत नाही. काम गेले तर माझे जाणार नाही, त्यांचे जाईल. ते त्या बायकांनी बसून ठरवावे. मी फक्त असे करून ठेवते, की ठरवल्यावर त्या अडू नयेत.

श्रीधर भावजींना माझ्या चीजवस्तूंतून पितळेचा मोठा डबा द्यावा. तो राजसच्या मुंजीत त्यांनी नेला आणि अजून तिकडेच आहे, म्हणजे आणून देण्याचा त्रास नाही. मार्चच्या बैठकीला त्यांनी जरूर यावे. पण दुभाष्याच्या खुर्चीत बसू नये. समोर बसावे आणि जे बोलायचे ते स्वतःच्या नावाने बोलावे.

कलम ५. कोणाला काय

पुढच्या खोलीची एक किल्ली रईसाला, एक सुलूला. दोघी भांडल्या तरी दार उघडेल.

टाइपरायटर युनियनला. त्याचे 'ई' अक्षर अडकते, जोरात मारावे लागते.

मंगलाला माझी चंदेरी साडी. ती नको म्हणेल. तरी द्यावी. ही एक साडी या मृत्युपत्रात धरू नये, मी ती आजच तिच्या घरी पाठवत आहे. कारण तिला साक्षीला बसायचे आहे, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये असे सुधाकरराव म्हणतात. सुलू आणि रईसा याच कारणाने माझ्यावर रुसल्या आहेत.

सूनबाई तेजस्विनी हिला माझ्या मोत्याच्या कुड्या आणि मोठा इंग्रजी शब्दकोश. तेजस्विनी, आपल्या दोघींचे फार जमले नाही. मी तुझ्या स्वयंपाकात बोलत राहिले, तू माझ्या घरी चार दिवसांवर राहिली नाहीस. पण तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, आणि मी एकदा तुला एका पालकाशी बोलताना ऐकले आहे. त्याने आवाज चढवला, तू चढवला नाहीस आणि एक शब्दही मागे घेतला नाहीस. मार्चमध्ये मी नसले, किंवा असून खाटेवर असले, तर त्या आठवड्यात रजा काढून ये. दुभाष्याची खुर्ची तुझी. बायका बोलल्या तर त्या जसे बोलतील तसेच इंग्रजीत जाऊ दे. रईसा मध्येच शिवी देते, तीही गाळू नकोस. त्यांनी न बोलायचे ठरवले, तर पाहुण्यांना तेवढेच सांग, कारण तू जोडू नकोस, आणि त्यांना चहा दे. हा हुकूम नाही, विनंती आहे. मृत्युपत्रात विनंती चालते का ते मी विचारलेले नाही.

कलम ६. बँकेतली ठेव

यज्ञेश्वरांच्या ग्रॅच्युइटीची ठेव आहे. तिच्यातून माझ्या क्रियाकर्माला लागेल तेवढेच काढावे. तेराव्याला गाव जेवू घालू नये. उरलेल्या रकमेला सुधाकररावांनी वर्षभर हात लावू नये.

त्या वर्षात मार्चच्या बैठकीमुळे ऑर्डर बंद झाली आणि बायकांचे काम गेले, तर सर्व रक्कम त्या घरांच्या किराण्याला जावी. कोणाच्या घरी आधी द्यायचे ते रईसाने ठरवावे, कारण ती आपले घर शेवटी ठेवील. वाटायला सुलूने जावे. ऑर्डर राहिली, किंवा बायकांनी न बोलायचे ठरवले आणि काम चालू राहिले, तर सर्व रक्कम राजसला मिळावी.

राजस, रागावू नकोस. त्या बोलल्या तर काय होईल या भीतीत आजवर आपल्या घरात मी एकटी होते. आता ऑर्डर राहावी म्हणून तूही देव पाण्यात घालून बसशील. मार्चमध्ये तेजस्विनीबरोबर तूही ये आणि त्यांच्यासमोर बसून ऐक.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: अहल्या यज्ञेश्वर मुजुमदार

साक्षीदार:
१. सौ. मंगला किबे, निवृत्त शिक्षिका, फ्रीगंज (सही)
२. श्री. अभिजीत सरमंडल, औषधांचे दुकानदार, फ्रीगंज (सही)

स्थळ: उज्जैन
दिनांक: २२ जानेवारी २००१