चावडीच्या भिंतीवरची म्हैस

आबा, परवा एडिनबरात तुमचा एक भाऊबंद भेटला. फ्रान्सचा, कधीचाच मेलेला, म्युझियमच्या भिंतीवर टांगलेला. नात घेऊन गेली होती. हे पत्रही तीच लिहितेय, कारण मला अक्षर येत नाही, आणि का येत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यानं काढलेली, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची छापील व्यंगचित्रं होती. इंग्रज आला की पुढे आलेले दात, काळा माणूस आला की सुजलेले ओठ. एका देशाला एकच तोंड. नात म्हणाली, "आजी, हा सटायर आहे. त्या काळात स्टिरिओटाइप असेच असायचे." म्हटलं, "काळाला कशाला धरतेस? पेन्सिल काय काळाच्या हातात होती?" बाकीचे लोक खालची ओळ वाचून हसत होते. मी आपली नुसती चित्रं बघत होते. एका चित्रात बाई लिहीत बसलेली, केस पिंजारलेले, चुलीवर उतू चाललंय, नवरा रडकं पोर घेऊन उभा. शेजारची गोरी म्हातारी खुदकन हसली. माझं डोकंच फिरलं.

आठ वर्षांची आहे मी. शिमगा आहे. दर शिमग्याला तुम्ही चावडीच्या भिंतीवर कोळशानं कुणाची तरी टिंगल काढता. कधी पाटलाची, कधी तलाठ्याची. यंदा म्हैस काढलीत. तिला दोन वेण्या, पुढ्यात पाटी-पेन्सिल, मागं विझलेली चूल. गावात शाळेत जाणारी मुलगी एकच, तीही नुकतीच जायला लागलेली. विहिरीवर बायका विचारतात, "काय गं म्हशी, कितवीत गेलीस?" मी घरी येऊन रडते, शाळेत जाणार नाही म्हणते. तुम्ही म्हणता, "अगं, गंमत केली. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेसाठी उठवत नाही.

अहो, साऱ्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवलेल्या! न्हाव्यालासुद्धा वळणदार अक्षर काढून दिलंत. पोटच्या पोरीला म्हैस. इथं डॉक्टरकडे गेले की सहीच्या जागी मी रेघ ओढते, आणि काउंटरवरची पोरगी म्हणते, "लव्हली!" सत्तर वर्षं चाललीय तुमची गंमत. त्या फ्रेंचालाही इतकी लांबवता आली नसेल.

नात विचारतेय, "आजी, हे पाठवायचं कुठे?" कुठे नाही. फाडू नकोस, एवढंच. आणि हे एक शेवटी लिही: त्या दिवशी चावडीपुढे सगळ्यांत आधी मीच हसले होते, आबा. पोट धरून. ती म्हैस म्हणजे मी, हे मला शेजारच्या काकूंनी सांगावं लागलं.