मनकर्णाबाईचा नवस

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर,
२१ जुलै २०२५

ती. आजोबांना पूनमचा शि. सा. नमस्कार. आजीलाही नमस्कार सांगा.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानंच जुळवता, म्हणून पत्रच बरं. नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू झालं. या आठवड्यात जगभरातली माणसं कशानं मरतात ते शिकवलं. मला वाटलं होतं, अपघात, साथी, साप-विंचू असतील. पण सगळ्यांत वर निघाला हृदयविकार, आणि त्याच्या मागेच मेंदूतला झटका, म्हणजे आपण म्हणतो तो लकवा. सुलतानपुरात जे, तेच साऱ्या जगात.

उन्हाळ्यात तुमच्या छातीत कळ आली होती, ते मी विसरले नाही. तेव्हा बिडी बंद आणि ठेच्यात मीठ कमी. हे पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे तुमच्यावर पहारा राहील. दिवाळीला येतेच आहे.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची पूनम

॥ श्री ॥
सुलतानपूर,
१३ ऑगस्ट २०२५

चि. पूनमला आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. बिडीचं बंडल त्याच दिवशी चुलीत गेलं. मी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, कितीक पाशिंजर उतरवले. आता तुझी आजी माझ्याकडे असं पाहते, जसा काही माझाच स्टॉप आला. मी छातीवर नुसतं खाजवलं तरी धावत येते.

श्रावणात तिच्या उपासांना जोर आला आहे. सोमवार-शनिवार जुनेच, त्यात आता मंगळवार आणि गुरुवारही धरले. कशासाठी विचारलं तर म्हणते, नवस बोलून दाखवला की फळत नाही. तिच्या हाताला बरकत मात्र मोठी! तिच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट महिना उलटला तरी संपलं नाही. माझा दवाखान्याचा हेलपाटा वाचला.

काल मंगळवारी माझ्यासाठी भाकर थापताना ती तिच्या हातातून निसटली. जीभही थोडा वेळ जड झाली. लिंबूपाणी घेतलं आणि पुन्हा माझ्यावर ओरडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. उपासाचा थकवा, दुसरं काय! तू अभ्यासाला लाग, काळजी करू नको.

म्हाताऱ्याची आठवण ठेव.
तुझा आजोबा, पुंजाजी

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर,
१८ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र उभ्यानंच वाचलं आणि लगेच लोणारला बाबांना फोन केला. हे पत्र पोचेपर्यंत त्यांनी आजीला बुलढाण्याला नेलेलं असेल. आजोबा, गोळ्या उरतात ती बरकत नव्हे. त्या तिच्या पोटात गेल्याच नाहीत. आणि भाकर निसटणं, जीभ जड होणं हा थकवा नव्हे. तो लकव्याचा इशारा असतो. ओसरला म्हणून सोडून द्यायचा नसतो, त्याच घडीला दवाखाना गाठायचा असतो.

मी तुमच्या हृदयाला जपत बसले आणि आजीकडे माझं लक्षच गेलं नाही. मला फार भीती वाटते आहे. तिला विचारा, गोळी का घेतली नाही. रागावू नका पण.

उत्तर लवकर धाडा, जीव टांगणीला आहे.
तुमची पूनम

॥ श्री ॥
सुलतानपूर,
९ सप्टेंबर २०२५

चि. पूनमला आजोबांचे आशीर्वाद, आणि या वेळी नमस्कारही.

आजी घरी आली, ठीक आहे. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही. गोळी का घेतली नाही हे तुझ्या बाबानं, गोपालनं विचारलं, तेव्हा तिनं पाकीटच पुढं केलं. दवाखान्यातल्या बाईंनी समजावून दिलं होतं, गोळी जेवल्यावर घ्यायची. उपासाला जेवण नाही, मग गोळी कशी घेणार? तुझ्या आजीइतकी शहाणी बाई तुला जगात सापडायची नाही.

आणि ते उपास कुणासाठी होते? माझ्यासाठी. तुझ्या पत्रातला पहिला नंबर माझा म्हणून तिनं कमळजा देवीला साकडं घातलं, आणि दुसरा नंबर स्वतःवर ओढवून घेत होती. हे कळल्यावर मी रडलो, लाजत नाही सांगायला.

मग मी ठरवलं, तिचे उपास मी धरतो. पहिल्याच सोमवारी तिला ताट वाढलं, गोळी शेजारी ठेवली. पण नवरा उपाशी बसलेला असताना तिला घास गिळेना. भाकर तशीच, गोळी तशीच. शेवटी मी हात धुतले, अर्धी भाकर मोडून घेतली, तेव्हा कुठं ती जेवली. आता रोज दोघं बरोबर जेवतो. गोळी मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवतो, तिकिटासारखी.

खाली तुझ्या आजीनं, आमच्या मनकर्णाबाईनं, सांगितलेलं जसंच्या तसं उतरवतो. लोभाला खंड नको.
तुझा आजोबा

माय पूनम, तुह्या आजोबाचं आयकू नको, मी खडखडीत हाये. उपास सोडला म्हनून देवीपाशी गेली व्हती माफी मांगाले. तिले म्हनलं, माय, नंबर लावाचेच असतील तं आमचे दोघाईचे संगच लाव. पन लय मांगं लाव, आमाले पूनमचं लगन पाहाचं हाये.