पंच्याहत्तर वर्षांचा इतिहास आणि चौदा नंबर

३ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. इतिहासकाराला लागतेच. एप्रिलात आपल्या फुटबॉल क्लबला पंच्याहत्तर वर्षं होतात आणि काल कमिटीने क्लबचा इतिहास लिहायचं काम एकमताने माझ्यावर सोपवलं. बाकीचे तेव्हा चहा प्यायला बाहेर गेले होते, पण एकमत ते एकमत. सेक्रेटरी म्हणाले, स्मरणिकेत आठ पानं पुरे. मी नुसता हसलो. पंचवीस प्रकरणं, तीनशे पानं, हार्डबाउंड. रोज दहा पानं म्हटली तरी महिन्यात विषय संपला.
प्रकरण सतरा: कप फायनल. यात माझा उल्लेख येईल, इलाज नाही. शेवटच्या चार मिनिटांत मी सब्स्टिट्यूट म्हणून उतरलो आणि गोललाइनवरून बॉल बाहेर काढला, हे घरीदारी गेली छत्तीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे.

५ जानेवारी
अर्पणपत्रिका लिहिली. चारदा. बायकोने विचारलं, किती पानं झाली? म्हटलं, इतिहास पानांत मोजत नाहीत. ती मटार सोलत होती, सोलत राहिली.

११ जानेवारी
क्लबचं कपाट उघडलं. जुन्या मॅचची सगळी रजिस्टरं वाळवीने फस्त केलीत. शिल्लक: कप एक, लीगच्या शील्ड दोन, उपविजेतेपदाच्या ट्रॉफ्या नऊ. नऊ वेळा दुसरे! याला सातत्य म्हणतात. प्रकरण आठ: 'सातत्य'.
जर्सी पिवळी का, यावर वाद. सेक्रेटरी म्हणतात, पहिली टीम बेकरीतल्या कामगारांची, मालकाने पडद्याचं उरलेलं कापड दिलं. पडदे! असलं काही छापायचं नाही. पिवळा म्हणजे सूर्य, असं मी ठरवलंय.

१९ जानेवारी
फायनलच्या कॅप्टनची मुलाखत. तेव्हाचा नऊ नंबर, आता चष्म्याचं दुकान आहे. फायनलची हकिकत रंगवून सांगितली. मी म्हटलं, आणि शेवटची चार मिनिटं? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तू होतास का रे त्या मॅचला? वाईट वाटलं. वय झालं की माणसाची स्मरणशक्ती जाते. इतके चष्मे विकून उपयोग काय?

२ फेब्रुवारी
सापडलं! घबाड! क्लबची लाँड्री ज्यांच्याकडे होती त्या काकांकडे चाळीस वर्षांच्या वह्या आहेत. कपडे आले की ते प्रत्येक जर्सीचा नंबर आणि अवस्था लिहून ठेवत, मागाहून कुणी 'तुम्हीच फाडली' म्हणून भांडू नये म्हणून. 'नऊ: दोन्ही कोपरांना माती.' 'एक: डावी बाजू चिखल.' म्हणजे गोलकीपर कायम डावीकडेच झेपावायचा! कोण खेळलं, कोण पडलं, सगळी मॅच डागांवरून वाचता येते.
लगेच सेक्रेटरींना फोन केला. सांगितलं, पुरावा मिळाला, आता कुणाची हिंमत नाही माझ्या इतिहासाला हात लावायची. ते म्हणाले, वा, दोन दिवसांत वह्या फोटो काढायला मागवतो. खुशाल मागवा म्हटलं.

४ फेब्रुवारी, दुपारी
वह्या फोटोसाठी जाण्याआधी काकांच्या दुकानात बसून चाळल्या. मी चौदा नंबर. तीन सीझनभर एकच शेरा: 'चौदा: घडी मोडलेली नाही, परत.'
यातून माझी टापटीप दिसते. लिहावं लागेल.

४ फेब्रुवारी, दुपारीच, थोड्या वेळाने
फायनलचं पान पाहिलं. 'चौदा: माती नाही. पाठीवर बाकाच्या ओल्या रंगाचे तीन पट्टे.'
बरोबर आहे. फायनलसाठी बाक रंगवला होता. आधी बसलो असेन, मग उतरलो असेन. न पडता खेळलो, म्हणून माती नाही. बॉल बाहेर काढायला पडावंच लागतं असं थोडंच आहे?
काकांना विचारलं, हे एक पान जीर्ण झालंय, वेगळं काढून ठेवू का? ते म्हणाले, बाकीची जशी आहेत तसंच आहे. वही त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. कष्टकरी माणूस, पण हट्टी.

१ मार्च
लेखन बंद. मान आखडली आहे.

२६ मार्च
सेक्रेटरींनी मजकूर मागितला. अडीच पानं दिली. त्यातलं अर्धं अर्पणपत्रिका. त्यांना अगदी बरं वाटलेलं दिसलं. म्हणाले, छान, मधली सोळा पानं लाँड्रीच्या वह्यांचे फोटो टाकतो, तुमचीच तर कल्पना. फायनलचं पान मोठं करून मैदानावर लावणार आहेत. मी म्हटलं, लीगचं लावा, दोन शील्ड आहेत. म्हणाले, कप तो कप.

२० एप्रिल
कार्यक्रम झाला. मैदान तुडुंब. स्टेजवर लाँड्रीवाल्या काकांचा सत्कार झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझं नाव घ्यायचं राहिलं.
मोठ्या केलेल्या पानापुढे रांग लागली. कॅप्टन आपल्या सुनेला कोपरांची माती दाखवत होता. मग खाली उतरत उतरत चौदाला आला आणि मोठ्याने वाचलं. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. बायको शेजारीच होती. तिच्याकडे बघायची छाती झाली नाही. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.
घरी येताना अर्ध्या वाटेवर मीच म्हणालो, लाँड्रीवाल्याची नोंद चुकू शकते. ती म्हणाली, चुकलेली नाही. आपलं लग्न ठरलेलं होतं ना, म्हणून तुम्हाला न सांगता मी मैत्रिणीला घेऊन मॅचला आले होते. तुम्ही सॉक्स वर ओढायला उठलात की वाटायचं, आता जाणार. सात वेळा उठलात. संध्याकाळी भेटून गोललाइनचं सांगायला लागलात तेव्हा इतके खुशीत होता, की मी ते परत एकदा सांगायला लावलं.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मग जिंकून देणारा गोल कुणी मारला, ते तरी आठवतं का?
म्हणाली, ते मला काय माहीत. मी मॅच कुठे बघत होते?