मंजूची वही

ती. आईस, द्रोणागिरीहून उदयसिंहचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गोदामातलं काम बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे? मंजूच्या फोटोपुढे दिवा लावतेस ना?

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितो. तिची इंग्रजीची वही शोधत बसू नकोस. तेराव्यानंतर मीच आणली. सुपरवायझर व्हायला इंग्रजी लागतं, म्हणून रविवारी क्लासला जातो.

वहीत तिने ‘लुक आफ्टर’, ‘वेट फॉर’ असं लिहून प्रत्येकापुढे एकेक वाक्य केलंय. ‘वेट फॉर’पुढे आहे, मी दादाची वाट बघते. मॅडमनी वर्गात वाक्य विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, माझी बहीण माझी वाट बघते.

मॅडम म्हणाल्या, “छान. तिलाही घेऊन या की.”

मी हो म्हणालो.

आता त्या दर रविवारी विचारतात. मी म्हणतो, येईल. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवतो, कुणी बसू नये म्हणून.

या रविवारी पिशवी खोलीवरच राहिली. वर्ग भरलेला, दोघंजण भिंतीला टेकून उभे होते. तरी त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, आई.

तुझा,
उदय