तीन गाण्यांवरची खदान

६ एप्रिल, सोमवार

ईस्टरचं डुकराच्या मटणाचं सोरपोतेल अजून दोन दिवस पुरेल. जोचा राग जास्त टिकेल.

काल जो, म्हणजे आमचे धाकटे बंधू, जेवायला आले ते बिल्डरचे कागद बगलेत मारूनच. बोरिवलीहून एवढं ऊन खात. "बाय, अख्ख्या गल्लीच्या सह्या झाल्या. तुझी एक राहिली. पंधरा मे शेवटची तारीख."

घर दोघांच्या नावावर. राहते मी एकटी. मी म्हटलं, आधी खदान सापडू दे, मग सहीचं बघू.

"तू पपा होत चाललीयेस."

"पपांचं डोकं होतं, तुला फक्त केस मिळाले."

गोड न खाताच गेला. कस्टर्ड मीच संपवलं.

मागच्या काचेच्या इमारतीने गल्लीच्या गटारात परत पाणी सोडलंय. बारा महिने तेच. चप्पल भिजली. तक्रारीचं अकरावं पत्र टाकलं. दहावं जास्त चांगलं उतरलं होतं.

८ एप्रिल, बुधवार

सगळं एकदा नीट लिहून काढते. पपांनी कधी लिहिलं नाही, म्हणून तीस वर्षं खदान शोधत रविवारचे गोल फिरले. आरे झालं, पवई झाली, मुलुंडचे डोंगर झाले. हातात कायम एक काठी आणि मम्मीने दिलेला पाव-ऑम्लेटचा डबा.

आजोबा, म्हणजे पास्कू, सुरुंगवाले. गावठाणामागच्या माळावर तेव्हा सात-आठ दगडाच्या खदानी. एका सकाळी सुरुंग उडाला, धूळ बसली आणि कातळात हातभर लांब पिवळी रेघ. एक तुकडा फोडून खिशात टाकला. तिसऱ्या दिवशी त्याच खदानीत झरा फुटला. पाणी काढता काढता ठेकेदार थकला, इंजिन उचलून दुसरीकडे गेला. सोनं पाण्याखाली. आजोबांनी ती कुठली खदान हे कोणालाच सांगितलं नाही, फक्त आजीला.

आजीनेही तोंड उघडलं नाही. एकच केलं. आपल्या घरच्या लग्नाचं उंबराचं पाणी त्याच खदानीतून आणायचं असा नियम घातला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका कळशा घेऊन, बँड लावून जायच्या, नवरदेवाच्या किंवा नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायच्या. म्हणजे जागा बायकांना ठाऊक, पण आजीने त्यांनाही शपथ घातलेली. पपांना नाही, कारण त्यांच्या लग्नात ते स्वतः नवरदेव, घरात पाटावर बसलेले. त्या सगळ्या बायका आता चर्चमागे ओळीने झोपल्यात. खदानी डेब्रिजने भरल्या, वर इंडस्ट्रियल इस्टेट, तिच्यावर ऑफिसं.

माझ्या लग्नाचं पाणी आणायची वेळ आलीच नाही. जागा कळायचा एक चान्स तिथे हुकला. बाकी काही हुकलं असं वाटत नाही.

गाव आजोबांना लबाड म्हणत मेलं. शाळेत मला पोरं "ए सोनेवाली" म्हणून हाक मारायची. पुढे मी पस्तीस वर्षं पेपरात जगाची टर उडवली, त्याचं मूळ तिथे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला एवढंच हवंय, की तो माणूस खोटं बोलला नव्हता. सोनं मिळालं तर नको म्हणणार नाही.

१२ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये मास झाल्यावर बस्त्यावकाकाकडे. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांना धुकं. मम्मी-पपांच्या लग्नात कॉर्नेट यानेच वाजवला. हे मला आज कळलं. गावठाणात राहून! मीच कधी विचारलं नाही. पपांनीही नाही. बँडवाल्यांना कोण विचारतं.

"रस्ता? रस्ता मना नाय ठावं गो. प्यालेला होतो. समदी शेतं नि ताडाची झाडं. पन गानी ठावं हायत."

"कुठली गाणी?"

"तुज्या उंबऱ्यावरशी पयला मार्च लावला. तो खुरसाकडे संपला. मग वॉल्ट्स. मग गावचा गाना. तिसरा संपला का पानी."

तीन गाण्यांवर खदान! मी खुर्चीतून उठले ती त्याच्या सुनेचा चहा सांडूनच. दात नाहीत, कॉर्नेट ओठाला लागत नाही, म्हणून त्याने तिन्ही गुणगुणली. मोबाइलवर रेकॉर्ड केली. एकूण सतरा मिनिटं, त्यात खोकला दोनदा.

आता कळलं घर का पाडू द्यायचं नाही ते. मोजणी आमच्या उंबऱ्यापासून सुरू होते. उंबरा गेला की खदान कायमची गेली.

१६ एप्रिल, गुरुवार

घरातल्या आल्तारवर मारियामाईच्या मागे ठेवलेला आजोबांचा तुकडा रुमालात बांधून मुलुंडला. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरभर दगड, बसायला जागा नाही.

भिंगातून पाहिलं. फरशीच्या मागच्या बाजूवर घासलं. रेघ काळी-हिरवट उमटली.

"मॅडम, सोनं असतं तर रेघ पिवळी आली असती. हे तांबं, लोखंड आणि गंधक. मुंबई सगळी काळा कातळ. इथे सोनं नाही."

मी रुमाल बांधायला घेतला. म्हणाले, थांबा. तुकड्याच्या कडेला हिरवट मणी आहेत, काचेसारखे, मी लहानपणापासून त्यांना बुरशी समजत आले. "ही जोडी वरवर नाही मिळत. उपनगरातल्या खोल खदानीतच मिळायची. ज्याने हा फोडला तो नक्की तळाशी उभा होता."

येताना रिक्षात हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. आजोबा चुकले असतील. खोटं नाही बोलले.

आणि चुकले तरी कशावरून? प्राध्यापकांनी एक तुकडा पाहिलाय. खदान कुठे पाहिलीय?

१९ एप्रिल, रविवार

स. ७ ला उंबऱ्यावरून निघाले. मोबाइल कानाला, बस्त्यावकाका गुणगुणतोय, मी चालतेय. मार्च गल्लीतल्या क्रूसाच्या, म्हणजे काकाच्या खुरसाच्या, खूपच पुढे जाऊन संपला. तिथेच शंका यायला हवी होती. वॉल्ट्स सिग्नलला. तिसरं गाणं संपलं तेव्हा मी मेट्रोच्या खांबाशी, दुभाजकावर उभी. दोन्ही बाजूंनी हॉर्न. हा रस्ता ब्रिटिशांच्या काळापासूनचा. इथे खदान कधीच नव्हती.

ट्रॅफिक हवालदार: "आजी, क्रॉस करायचंय का?"

आजी! नाव विचारून घेतलंय. कधीतरी लेखात घालीन.

गुडघा सुजला. एकूण पपांसारखीच फिरून आले, फक्त डबा नव्हता.

२३ एप्रिल, गुरुवार

बस्त्यावकाकाला सांगितलं. एवढा हसला की सुनेने पाठ चोळली.

"तू चालत गेलीस? गो फिलू, आमी कवा चाललो? दर दरवाज्यावर थांबाचा, पेला माराचा, बायका नाचाच्या. तुजी आजी तर दोन पावलं म्होरं नि एक मागं. नाचल्याबिगर कसा मोजशील?"

डोक्यात लख्ख प्रकाश. पपा तीस वर्षं चालत गेले. तरातरा, काठी आपटत, एकटे. पाटावर बसून वरातीला लागलेला वेळ त्यांनी मोजला असणार, पण अंतर चालण्याच्या हिशेबाने धरलं आणि दर वेळी मैलभर पुढे निघून गेले. तरी मीही तेच केलं. रक्त.

खदान जवळ आहे. फार जवळ.

पण मोजायला लग्न पाहिजे. आणि आमच्या घरात लग्न आहे. जोच्या लेकीचं, रोशेलचं, १० मे.

२६ एप्रिल, रविवार

बोरिवलीला गेले. जोचा प्लॅन: आदल्या दिवशी हॉल, डीजे, आणि उंबराचं पाणी सोसायटीच्या टाकीचं, कळशीला चमकी लावून. मी म्हटलं पाणी आपल्या घराच्या उंबऱ्यावरून निघेल, बँड लावून, पायी, नाचत.

जो: "रोशेलच्या लग्नात तुझी खदान नको."

रोशेल आतून ओरडली, "पप्पा, मला बँड पाहिजे! फिलू आंटी, लुगडं आहे ना तुझ्याकडे? मला दाखव."

मग सौदा झाला. जोच्या डायनिंग टेबलावर, त्याची बायको साक्षीला. वरात आमच्याकडून निघेल. खदान मिळाली नाही तर पंधराला मी गुपचूप सही करणार, पुन्हा तोंड उघडणार नाही.

"आणि मिळाली तर?" जो.

"तर तू कागद घेऊन बस."

हसला. लहानपणी कॅरममध्ये राणी घालवण्याआधी असाच हसायचा.

घरी आल्यावर जरा घाबरले. हे इथेच लिहिते, बाहेर कबूल करणार नाही.

४ मे, सोमवार

बँड ठरला, पाच माणसं. म्हाताऱ्याची तिन्ही गाणी त्यांना ऐकवली. ट्रम्पेटवाला म्हणतो, "आंटी, एवढं स्लो? पब्लिक बोर होईल." म्हटलं, पब्लिक माझी आहे.

बाराव्या पत्राचा मसुदा. गटाराचं पाणी आज आमच्या दारापर्यंत. एवढं पाणी आणतात कुठून? हंडा भरायला आमच्याकडे अर्धा तास नळ येतो.

१० मे, रविवार (सकाळी, चर्चला निघायच्या आधी)

उशीर झाला तरी चालेल. लिहितेच.

काल संध्या. ५ ला निघालो. अकरा बायका. चौघी लुगड्यात, बाकीच्या जीन्सवर फुलं माळून. बस्त्यावकाका व्हीलचेअरवर, मांडीवर न वाजणारा कॉर्नेट. मार्च उंबऱ्यावर सुरू झाला. दर दरवाज्यावर थांबलो, पेला झाला, नाचलो. गुडघ्यासकट. दोन पावलं पुढे, एक मागे.

मार्च क्रूसाशी संपला. अगदी क्रूसाशी! काकाने हात वर केला, बँड थांबला, वॉल्ट्स लागला. वळणावरून फिरून मागच्या रस्त्याला लागलो. मग गावचं गाणं. माझं नाचण्यात लक्ष नव्हतं, इमारती मोजत होते. गाणं संपलं. सगळ्यांनी कळशा खाली ठेवल्या.

आम्ही काचेच्या इमारतीच्या फाटकासमोर उभ्या होतो.

माझ्या मागच्या खिडकीतून दिसते तीच. जिने माझं सकाळचं ऊन खाल्लं. जिला मी अकरा पत्रं लिहिली, दोन लेख लिहिले. फाटकाशेजारी जाड पाइप, त्यातून गटारात धो धो पाणी.

वॉचमन धावत आला. रामसूरत नाव, उत्तर प्रदेशचा, दहा वर्षं इथेच. "मॅडम, शादी का हॉल उधर है."

मी विचारलं, हे पाणी कुठलं?

"नीचे का. तीसरा बेसमेंट. पत्थर में से आता है, बारा महीना. पंप बंद किया तो साहब लोग की गाडी तैरेगी."

बारा महिने. मे महिन्यात. दगडातून. ठेकेदाराला जे थकवून गेलं तेच पाणी अकरा पत्रांतून मी बंद करा म्हणत होते!

काकाची खुर्ची पाइपपाशी नेली. त्याने ओंजळ धरली, प्याला, तोंड वाकडं केलं. "ह्योच. लोखंडाचा वास. त्या दिवशी पन असाच व्हता, म्हून मी दारू मारली वरून."

जो मागे उभा होता. मग पँट वर खोचली, गटारात उतरला आणि पहिली कळशी त्यानेच भरली. त्याच्या बायकोने रोशेलच्या आंघोळीआधी ते पाणी दोनदा उकळलं. उकळू दे.

आजोबा, ऐकताय ना.

१२ मे, मंगळवार

लग्न झालं. रोशेल रडली नाही, नवरा रडला. चांगला दिसतोय.

आज जोचा फोन. "पाणी मिळालं, मान्य. पण सौदा खदानीचा होता. सोनं कुठाय?"

"पाण्याखाली. कायम तिथेच होतं."

"बाय, बेसाल्टमध्ये सोनं नसतं. गुगल केलं मी."

गुगल केलं म्हणजे डोक्यात शिरलंय. पपांचे केस नुसतेच नाहीत तर.

इमारतीच्या मॅनेजरला मेल केला: तिसऱ्या तळघरातली भिंत पाहायची आहे, कारण कौटुंबिक. उत्तर आलं, आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे. अकरा पत्रांची पण नोंदच घेतली होती.

१३ मे, बुधवार

रामसूरतला लग्नाचा केक नेऊन दिला. म्हणाला, पंपाच्या मागे भिंतीला प्लास्टर नाही, नुसता कातळ. मीटरभर जागा. "उधर लाईट मारो तो पीला पीला चमकता है मॅडम. हम सोचे, जंग होगा."

गंज असेल. असेलही. प्राध्यापकांनाही तेच वाटेल.

मॅनेजर उद्या दुपारी दोन ते तीन मीटिंगला वांद्र्याला जातो म्हणे. हे मी विचारलं नव्हतं.

१४ मे, गुरुवार (दु. १)

जो दारात. ऑफिस बुडवून आलाय. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पपांची जुनी टॉर्च, नवे सेल घालून. उरलेलं सोरपोतेल फ्रीजरमधून काढून वाढलं. "अजून आहे?" एवढंच म्हणाला, आणि खाल्लं.

आता चपला घालतोय. कागद पिशवीत आहेत. पेन घेतलंय. आजोबांची हातोडीही घेतलीय. कुठलं लागेल ते खाली तळघरात गेल्यावर बघू.